ब्रोम गवतांच्या जाती ओळखण्याचा नेमका क्रम

एका बाजूला झुकलेला तुरा, लांब कुसळं, वाळताना आलेला जांभळट रंग. एवढं दिसलं की ब्रोम गवताचं नाव सांगून मोकळं व्हायचं, ही सवय फार पसरली आहे. या वर्णनात तीन-चार जाती सहज बसतात, आणि तण म्हणून त्यांचा बंदोबस्त करायचा झाला तर चुकीचं नाव थेट अंगाशी येतं. ब्रोमस स्टेरिलिस आणि ब्रोमस डायअँड्रस यांचं बी कापणीनंतर लगेच मातीआड केलं की लवकर उगवतं आणि पुढच्या पेरणीआधी रोपं मारता येतात. उजेडात पडून राहिलं तर ते सुप्त होतं. ब्रोमस सेकॅलिनस, ब्रोमस होर्डिएशियस आणि ब्रोमस कॉम्युटेटस यांचा हिशेब नेमका उलटा. त्यांचं बी महिनाभर जमिनीवरच राहू द्यावं लागतं. घाईने पुरलं तर ते सुप्त होऊन पुढच्या हंगामांत डोकं वर काढतं. म्हणजे नाव चुकलं की नांगरटीची वेळ चुकली.

ओळखणाऱ्यांच्या बहुतेक चुका एकाच प्रकारच्या असतात. लोक आधी केस पाहतात, मग रंग, मग कुसळ, आणि तुषांच्या शिरा शेवटी किंवा कधीच नाही. खालचा क्रम याच्या उलट आहे. तो मोडू नका, विशेषतः तिसऱ्या टप्प्यापर्यंत.

## तयारी: साहित्य, नमुना आणि सहा शब्द

दहापट मोठं दाखवणारं भिंग, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, बारीक चिमटा, सुई, आणि एका बाजूने पांढरा व एका बाजूने काळा असा पुठ्ठा एवढं पुरतं. काळ्या बाजूवर पारदर्शक कडा आणि केस स्पष्ट दिसतात, पांढऱ्या बाजूवर शिरा. कागदी पाकिटं घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट गवत काळं पडतं आणि पुष्पकं गळून तळाशी एकत्र होतात. मग कोणतं कुठून आलं हे कळायला मार्ग राहत नाही.

नमुना मुळासकट काढा. नुसता तुरा खुडून आणणं ही सर्वांत महागडी चूक. बुडखा नसेल तर गवत वार्षिक की बहुवर्षायू हे ठरत नाही, आणि खालचे पर्णकोष नसतील तर निम्मी लक्षणं गेली. एकाच जागची चार-पाच झाडं घ्या, त्यांत एक तरी धडधाकट हवं. कोरड्या, कडक जमिनीत ब्रोम गवत वीतभरसुद्धा वाढत नाही आणि अख्ख्या तुऱ्यात एखाद-दुसरंच कणिशक धरतं. अशा खुरट्या झाडावर कोणतीही ओळख-किल्ली (लक्षणांवरून नावापर्यंत नेणारी प्रश्नमाला) नीट चालत नाही.

वेळेचं म्हणाल, तर फुलोरा संपून दाणे भरत आलेले असताना काढलेला नमुना सर्वांत कामाचा. परागकोश अजून पुष्पकात अडकलेले सापडतात आणि कुसळांनी आपला खरा आकार धरलेला असतो. हिरवट कोवळ्या नमुन्यावर काही जाती सिद्धच करता येत नाहीत. त्या कोणत्या, ते पाचव्या टप्प्यात येईल.

आता शब्द. पर्णकोष म्हणजे खोडाला वेढणारा पानाचा खालचा भाग. तुऱ्यातला सुटा घटक म्हणजे कणिशक, त्याच्या तळाशी दोन रिकामी तुषं असतात, एक खालचं आणि एक वरचं. त्यांच्या वर ओळीने पुष्पकं, म्हणजे एकेकटी लहान फुलं. प्रत्येक पुष्पकाचं बाहेरचं आवरण म्हणजे लेमा (कुसळ यालाच असतं) आणि आतलं पातळ आवरण म्हणजे पेलिया.

सावधान: लांब कुसळाच्या जातींचं पुष्पक तळाशी टोकदार असतं आणि कुसळावर बारीक खरखर असते. ते कापडात, कातडीत, जनावरांच्या तोंडात आणि डोळ्यांत पुढेच सरकत जातं. नमुना हाताळून झाल्यावर मोजे आणि बाह्या झटका, पण त्याच जागी झटका. हे बी कपड्यांना चिकटूनच नव्या जमिनीत पोचतं.

## टप्पा १: हे ब्रोमच आहे का?

खोडाच्या मधल्या पेरावरचा एक ताजा पर्णकोष निवडा. पातं धरून हळूच बाहेर ओढा आणि पर्णकोषाच्या समोरच्या बाजूला पाहा. ब्रोममध्ये पर्णकोषाच्या कडा जवळजवळ वरपर्यंत एकमेकींना जुळलेल्या असतात, शर्टाच्या बाहीसारख्या. फक्त अगदी वरच्या टोकाला लहानशी खाच दिसते. फेस्क्यू, ओट किंवा ब्रॅकिपोडियम या दुसऱ्या गवतांमध्ये एक कड दुसरीवर नुसती चढलेली असते आणि सुईच्या टोकाने सहज उघडते.

इथे दोन गोष्टींनी फसगत होते. जुने, वाळलेले पर्णकोष फाटतात आणि उघडे असल्यासारखे दिसतात, म्हणून तळाचे कोष या तपासणीला घेऊ नका. शिवाय बंद पर्णकोष ही ब्रोमची एकट्याची मिरासदारी नाही. डॅक्टिलिस, मेलिका आणि ग्लिसेरिया या गवतांचेही कोष बंद असतात. म्हणून पुढच्या खुणा जोडीने पाहा.

कुसळ कुठून निघतं ते भिंगाखाली पाहा. ब्रोमच्या लेम्याचं टोक बहुधा दोन दातांत दुभंगलेलं असतं आणि कुसळ त्या दातांच्या मधून किंवा टोकाच्या किंचित खालून निघतं. फेस्क्यूचं कुसळ बहुधा थेट टोकातून येतं. ओटचं लेम्याच्या पाठीच्या मध्यावरून निघतं आणि गुडघ्यात वाकतं. शिवाय ओटची तुषं इतकी मोठी असतात की जवळजवळ सगळं कणिशक त्यांच्यात झाकलं जातं. ब्रोमची तुषं कणिशकापेक्षा बरीच आखूड, पुष्पकं त्यांच्या वर उघडी दिसतात.

शंका उरलीच तर एक पुष्पक उघडा. ब्रोमच्या अंडाशयाच्या माथ्यावर केसाळ उंचवटा असतो आणि परागवाहिन्या त्याच्या अगदी माथ्यातून न निघता बाजूने निघतात. दाणा भरल्यावर तो पेलियाला चिकटतो आणि सोलून काढताना सहज सुटत नाही.

पर्णकोषाच्या तोंडाशी पानाचे कान (खोडाला कवटाळणारी लहान टोकं) बहुतेक ब्रोममध्ये नसतात. सावलीत, जंगलाच्या कडेला वाढणारा ब्रोमस रॅमोसस याला अपवाद आहे. त्याच सावलीत फेस्टुका जायगँटिया हे राक्षसी फेस्क्यूही वाढतं, त्यालाही कान असतात आणि लांब, नागमोडी कुसळंही. तिथे निकाल पर्णकोषावरच लावायचा: फेस्क्यूचा उघडा आणि बिनकेसांचा, रॅमोससचा बंद आणि लांब केसांचा.

पडताळा: बंद पर्णकोष, टोकाखालून निघणारं कुसळ (असल्यास) आणि कणिशकापेक्षा आखूड तुषं ही तिन्ही जमली तरच पुढे जा.

## टप्पा २: वार्षिक की बहुवर्षायू?

बुडखा पाण्यात धुवा. वार्षिक ब्रोमची मुळं बारीक तंतूंची आणि उथळ असतात, झाड सहज उपटून येतं आणि फुलोऱ्याच्या वेळी जवळजवळ सगळेच फुटवे तुऱ्याचे असतात. बहुवर्षायू ब्रोममध्ये तुरा नसलेले, नुसत्या पानांचे फुटवे हटकून सापडतात, आणि तळाशी मागच्या वर्षांच्या पर्णकोषांचे वाळके तुकडे किंवा तंतू असतात. जमिनीखालून आडवं धावणारं खोड दिसलं तर प्रश्नच मिटला.

ब्रोमस कॅथार्टिकस या ठिकाणी त्रास देतो. तो कुठे एका वर्षात संपतो, कुठे दोन-तीन वर्षं टिकतो. त्यामुळे या टप्प्याचं उत्तर नोंदवा, पण त्याच्या भरवशावर काही वगळू नका.

## टप्पा ३: शिरा मोजा, कणिशकाचा आकार पाहा

सगळ्या लेखातला महत्त्वाचा टप्पा हाच. इथे गट बरोबर लागला तर पुढे उरतात त्या मोजक्या जाती. गट चुकला तर पुढची सगळी मोजमापं वाया.

तुऱ्याच्या मध्यावरचं एक पूर्ण कणिशक देठासकट तोडा. चिमट्याने सर्वांत खालचं तुष अलग करा, ते खालचं. त्याच्या समोरचं, किंचित वर बसलेलं आणि नेहमी जास्त लांब, ते वरचं. दोन्ही पुठ्ठ्याच्या पांढऱ्या बाजूवर पाठ वर करून ठेवा आणि त्यांच्यावर पाण्याचा थेंब सोडा. ओलं तुष पारदर्शक होतं. मग चिमट्यात धरून उजेडाकडे करा आणि तुषाच्या खालच्या तिसऱ्या भागात, जिथे ते रुंद असतं तिथे, शिरा मोजा. टोकाकडे मोजल्या तर कडेच्या शिरा तोवर विरलेल्या असतात आणि आकडा कमी येतो. कडेची घडी शीर म्हणून मोजली जाते तेव्हा आकडा जास्त येतो. घडी आणि शीर यांत फरक असा: तुष सुईने सपाट केलं की घडी नाहीशी होते.

आता गट लावा.

पहिला गट, स्टेरिलिसचा. खालच्या तुषाला १ शीर, वरच्याला ३. सगळ्या जाती वार्षिक. पिकलेलं कणिशक वरच्या टोकाकडे रुंद होत जातं, पाचराकृती दिसतं. कुसळ लांब, बहुधा लेम्याइतकं किंवा त्याहून मोठं.

दुसरा गट, होर्डिएशियसचा. खालच्या तुषाला ३ ते ५ शिरा, वरच्याला ५ ते ७, क्वचित ९. याही वार्षिक, फार तर द्विवर्षायू. कणिशक फुगीर आणि टोकाकडे निमुळतं. लेम्याची पाठ गोलसर.

तिसरा गट, इनर्मिसचा. शिरा पहिल्या गटासारख्याच, म्हणजे बहुधा १ आणि ३. पण गवत बहुवर्षायू, कणिशक लांबट आणि टोकाला निमुळतं, कुसळ लेम्यापेक्षा आखूड किंवा मुळीच नाही.

चौथा गट, कॅथार्टिकसचा. खालच्या तुषाला ३ किंवा जास्त शिरा, वरच्याला ५ किंवा जास्त. पण शिरांच्या आधीच डोळ्यांत भरतो तो चपटेपणा. कणिशक दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं आणि प्रत्येक लेम्याच्या पाठीवर ठसठशीत धार. कणिशक बोटांत फिरवून पाहिलं की धार लगेच लागते. दुसऱ्या गटाचं कणिशक असं फिरवताना गुबगुबीत वाटतं.

पिकून पुष्पकं गळाली असतील तरी निराश होऊ नका. ब्रोमची तुषं देठावर टिकून राहतात. वाळक्या, रिकाम्या तुऱ्यावरूनही शिरा मोजता येतात आणि गट ठरवता येतो. फक्त थेंब सोडून थोडं थांबावं लागतं.

पडताळा: एका कणिशकावर थांबू नका. वेगवेगळ्या झाडांची तीन कणिशकं पाहा. शिरांचा आकडा आणि कणिशकाचा आकार वेगवेगळे गट सुचवत असतील तर तुम्ही खालच्या तुषाऐवजी वरचं मोजलेलं असण्याची शक्यता जास्त.

## मोजण्याचा नियम, पुढच्या सर्व टप्प्यांसाठी

लेम्याची लांबी म्हणजे तळापासून दातांच्या टोकापर्यंत, कुसळ सोडून. कुसळाची लांबी म्हणजे ते लेम्यातून सुटं होतं तिथपासून टोकापर्यंत. कुसळासकट लेमा मोजला की टेक्टोरमचा डायअँड्रस होतो, इतका साधा घोटाळा आहे हा. कणिशकातली खालची दोन पुष्पकं मोजा. टोकाची पुष्पकं लहान आणि बऱ्याचदा वांझ असतात. तुम्ही वापरत असलेल्या पुस्तकाने मोजण्याची दुसरी जागा सांगितली असेल तर ती पाळा, पण मध्येच बदलू नका. आणि किमान पाच पुष्पकांचे आकडे लिहून काढा, मनातल्या मनात सरासरी नको.

## टप्पा ४: लांब कुसळाचे वार्षिक ब्रोम

इथे लेम्याची लांबी हाच मुख्य निकष.

लेमा ९ ते १२ मिमी आणि कुसळ साधारण १० ते १८ मिमी असेल तर तो ब्रोमस टेक्टोरम. तुरा दाट, मऊ, एका बाजूला लोंबणारा. निदान एखाद्या फांदीवर चार किंवा अधिक कणिशकं असतात, हे बघाच. पिकताना आधी जांभळा, मग फिक्कट पिवळा पडतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या माळांवर वणवा पसरवणारं गवत म्हणून बदनाम आहे ते हेच.

लेमा १४ ते २० मिमी, कुसळ १५ ते ३० मिमी: ब्रोमस स्टेरिलिस. तुरा मोकळा, फांद्या कणिशकांपेक्षा लांब आणि चहूबाजूंनी लोंबणाऱ्या. एका फांदीवर बहुधा एक, फार तर तीन कणिशकं. टेक्टोरम आणि स्टेरिलिस यांच्यात लोकांचा गोंधळ सर्वांत जास्त होतो आणि तो दुरून पाहिल्यामुळे होतो. पट्टी लावली तर दोघांच्या आकड्यांत मोकळी जागा आहे.

लेमा २० मिमीच्या पुढे, ३५ पर्यंत, आणि कुसळ ३० ते ६५ मिमी: ब्रोमस डायअँड्रस किंवा ब्रोमस रिजिडस. खालचं तुषच १५ मिमीच्या वर जातं. या दोघांना वेगळं करायचं तर पुष्पकाच्या तळाचा व्रण पाहावा लागतो: डायअँड्रसचा गोलसर, रिजिडसचा लांबट आणि टोकदार. तुराही मदत करतो. डायअँड्रसचा मोकळा आणि झुकणारा, रिजिडसचा ताठ, आखूड फांद्यांचा, दाटीचा. अनेक पुस्तकं दोघांना एकाच जातीत घालतात, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्यात फारसं काही बिघडत नाही.

तुरा झुकलेला नसून उभा असेल आणि लेमा साधारण १० ते २० मिमीचा असेल तर वाट वेगळी. दाट, कुंच्यासारखा, लालसर तुरा, फांद्या इतक्या आखूड की दिसतच नाहीत, आणि तुऱ्याखालच्या खोडावर बारीक लव असेल तर ब्रोमस रुबेन्स. फांद्या डोळ्यांना दिसत असतील, तुरा थोडा सैल असेल आणि खोड बहुधा गुळगुळीत असेल तर ब्रोमस मॅड्रिटेन्सिस. दोघांचे आकडे एकमेकांच्या हद्दीत शिरतात, म्हणून इथे मोजमापापेक्षा फांद्यांवर भर द्या.

सावधान: लेम्यावर केस आहेत की नाहीत यावर या गटात काहीही ठरवू नका. टेक्टोरम केसाळही मिळतो आणि गुळगुळीतही.

## टप्पा ५: फुगीर कणिशकांचे वार्षिक ब्रोम

हा गट खरा कस पाहतो. जाती एकमेकींसारख्या, आकडे एकमेकांत मिसळलेले. म्हणून इथे एकेक शक्यता बाद करत जायचं, आणि खालच्याच क्रमाने.

५.१ पिकलेल्या कणिशकातून आरपार दिसतं का? ब्रोमस सेकॅलिनसमध्ये दाणा भरला की लेम्याच्या कडा आत वळून दाण्याभोवती आवळल्या जातात. पुष्पकं एकमेकांपासून सुटी दिसू लागतात आणि मधला बारीक दांडा फटींतून दिसतो. काळ्या पुठ्ठ्यावर कणिशक आडवं ठेवलं की फटी काळ्या दिसतात, शंका उरत नाही. पेलिया जवळपास लेम्याइतकाच लांब, खालचे पर्णकोष बहुधा गुळगुळीत, कुसळ आखूड, वाकडंतिकडं किंवा गायबच. पण हे सगळं पिकल्यावर. हिरव्या कणिशकात कडा अजून वळलेल्या नसतात, तेव्हा कोवळ्या नमुन्यावर सेकॅलिनस लिहूही नका आणि खोडूही नका.

५.२ कुसळं बाहेर वळलेली आहेत का? वाळल्यावर कुसळं पीळ खाऊन बाहेर फाकत असतील आणि खालच्या पुष्पकांची कुसळं वरच्यांपेक्षा स्पष्ट आखूड असतील तर ब्रोमस जॅपोनिकस किंवा ब्रोमस स्क्वॅरोसस. जॅपोनिकसमध्ये कुसळ लेम्याच्या टोकाच्या दीड मिमी किंवा अधिक खालून निघतं, पेलिया लेम्यापेक्षा दीड-दोन मिमी आखूड असतो, आणि तुरा बारीक फांद्यांचा, पुष्कळ कणिशकांचा असतो. स्क्वॅरोससची कणिशकं मोठी, रुंद आणि मोजकी. लेम्याच्या पारदर्शक कडेला मध्यावर ठळक कोन असतो. ताज्या हिरव्या नमुन्यात कुसळं सरळच असतात. तुरा दोन-तीन दिवस कागदात वाळू द्या, मग बघा.

५.३ परागकोश किती लांब? पुष्पकाच्या टोकाशी सुई घालून लेमा आणि पेलिया अलग करा. फुलोरा होऊन गेला असेल तरी वाळका परागकोश बऱ्याचदा टोकात अडकलेला असतो. तो २.५ ते ५ मिमी भरला तर ब्रोमस आर्वेन्सिस. त्याचा तुरा मोठा, मोकळा, पसरलेल्या फांद्यांचा आणि बहुधा जांभळट झाकेचा. जॅपोनिकसशी गल्लत झाली असेल तर ती इथे सुटते, कारण त्याचे परागकोश १ ते १.५ मिमीच असतात.

५.४ तुरा दाट आणि देठ आखूड आहेत का? कणिशकांचे देठ कणिशकांपेक्षा आखूड, तुरा उभा आणि गच्च, लेमा कागदी पोताचा आणि त्यावरच्या शिरा उठून आलेल्या: ब्रोमस होर्डिएशियस. लेमा ६.५ ते ११ मिमी, बहुधा मऊ केसांचा, पर्णकोषही मऊ लवेचे. कुसळ सरळ. बिनकेसांचे होर्डिएशियसही असतात, म्हणून उठलेल्या शिरा हीच जास्त विश्वासाची खूण. बोटाच्या नखाने लेम्यावर आडवं घासलं तर धारा लागतात. लेमा ६.५ मिमीपेक्षाही लहान असेल तर ब्रोमस लेपिडसचा विचार करा.

५.५ उरलेले. लेमा चामड्यासारखा, शिरा दबलेल्या, तुरा सैल, कुसळं सरळ असं काही हाती असेल तर ते कॉम्युटेटस किंवा रॅसमोसस. लेमा ८ मिमीच्या वर, कडेला बोथट कोन आणि परागकोश १ ते १.५ मिमी असेल तर ब्रोमस कॉम्युटेटस. लेमा ८ मिमीपर्यंतच, कड एकसारखी गोल आणि परागकोश १.५ ते ३ मिमी असेल तर ब्रोमस रॅसमोसस. मधले नमुने मिळतात आणि काही अभ्यासक दोघांना एकाच जातीचे प्रकार मानतात. तिन्ही लक्षणं एकाच बाजूला झुकत नसतील तर दोन्ही नावं तिरकी रेघ मारून लिहा. त्यात कमीपणा नाही.

## टप्पा ६: बहुवर्षायू ब्रोम

कणिशक लांबट, कुसळ नाही किंवा जेमतेम ३ मिमी, आणि जमिनीखाली धावणारं खोड: ब्रोमस इनर्मिस. पानं रुंद, बहुधा गुळगुळीत. पात्याच्या मध्याच्या आसपास आडवी, नागमोडी चिमटी दिसते, तिच्यावरून लोक डोळे मिटून नाव सांगतात. ही खूण प्रत्येक पानावर नसते आणि इतर गवतांतही कधी दिसते, तेव्हा मदतीला घ्या, पुराव्याला नको. लागवडीतल्या कुरणांत इनर्मिससोबत ब्रोमस रायपेरियस असू शकतो: त्याची पानं केसाळ, कुसळ स्पष्ट, आणि आडवं खोड नसतं किंवा फार आखूड असतं.

आडवं खोड नसलेला घट्ट ठोंब, तळाची पानं अरुंद आणि दुमडलेली, आणि त्यांच्या कडेला ठरावीक अंतरावर एकेक लांब केस: ब्रोमस इरेक्टस. तुरा ताठ, कुसळ २ ते ८ मिमी, परागकोश मोठे आणि नारिंगी. कडेचे केस पाहायला पान काळ्या पुठ्ठ्यावर धरा. एकदा पाहिले की तुऱ्याविनाही हे गवत ओळखू येतं.

सावलीतला, कमानीसारखा झुकणारा मोठा तुरा, रुंद लोंबती पानं आणि कान असतील तर ब्रोमस रॅमोसस किंवा ब्रोमस बेनेकेनाय. सर्वांत वरचा पर्णकोष पाहा. त्यावरही खाली वळलेले लांब केस असतील तर रॅमोसस. वरच्या कोषावर लांब केस नसतील तर बेनेकेनाय. खालचे कोष दोघांचेही केसाळ असतात, तिथे पाहून उपयोग नाही.

## टप्पा ७: चपट्या कणिशकांचे ब्रोम

कुसळाने काम भागतं. कुसळ नाही किंवा फार तर ३.५ मिमी, आणि लेम्याला ९ ते १३ शिरा: ब्रोमस कॅथार्टिकस. कुसळ ८ मिमीच्या पुढे: ब्रोमस कॅरिनेटस. मधल्या, म्हणजे ४ ते ७ मिमीच्या कुसळाला ब्रोमस मार्जिनेटस हे नाव मिळतं, पण त्याला कॅरिनेटसमध्येच धरणारेही आहेत.

कुसळ नसलेला कॅथार्टिकस आणि कुसळ नसलेला इनर्मिस यांची गल्लत नेहमीची. कणिशक बोटांत फिरवा: चपटं आणि धारदार असेल तर पहिला, गोलसर असेल तर दुसरा. मग बुडखा पाहून खात्री करा.

## टप्पा ८: तुराच नसेल तर

नुसत्या रोपावरून जात सांगण्याचा आग्रह धरू नका. बंद पर्णकोष, मऊ केस, कान नाहीत एवढ्यावर ब्रोम इतकंच ठरतं. पण एक युक्ती आहे. कोवळं रोप ओढू नका, खुरप्याने मातीसकट उचला आणि पाण्यात हळू धुवा. मुळाशी ज्या पुष्पकातून ते उगवलं त्याचं जुनं टरफल बऱ्याचदा अजून चिकटलेलं असतं. लांब, अरुंद टरफल आणि कुसळाचा तुकडा मिळाला तर चौथ्या टप्प्यातला गट. रुंद, आखूड टरफल मिळालं तर पाचव्यातला. नांगरटीचा निर्णय घ्यायला गट कळला तरी पुष्कळ झालं. मात्र रोप चार-पाच पानांवर गेलं की टरफल कुजून जातं.

## नोंद आणि नावांचा घोळ

पाकिटावर जागा, तारीख, जमिनीचा प्रकार, झाडाची उंची आणि तुरा झुकलेला की उभा हे काढतानाच लिहा. दाबून वाळवल्यावर तुऱ्याचा झोक कायमचा जातो. त्याखाली आकडे: दोन्ही तुषांच्या शिरा, लेमा, कुसळ, परागकोश. नाव सर्वांत शेवटी.

पुस्तकं बदलली की नावंही बदलतात. काही ठिकाणी पहिल्या गटाला अ‍ॅनिसँथा, तिसऱ्याला ब्रोमोप्सिस आणि चौथ्याला सेरॅटोक्लोआ अशा वेगळ्या प्रजाती मानतात. अ‍ॅनिसँथा स्टेरिलिस आणि ब्रोमस स्टेरिलिस हे एकच गवत. जुन्या पुस्तकातला ब्रोमस मॉलिस म्हणजे होर्डिएशियस, आणि ब्रोमस युनिओलॉइड्स किंवा विल्डेनोवाय म्हणजे कॅथार्टिकस. दोन याद्या जुळत नसतील तर गवत पुन्हा तपासण्याआधी ही नावं तपासा.

एकाच बांधावर दोन-तीन जाती शेजारी उगवणं सर्रास घडतं. एका पाकिटात एकाच झाडाचे भाग ठेवा. दुसऱ्या झाडाला दुसरं पाकीट, मग ते पहिल्यासारखंच दिसत असलं तरी.